फाल्गुनातली फोडशी

फाल्गुन लागला की दिल्लीकर खुळावतात. जेमतेम तीन आठवड्यांचा इथला वसंत. थंडी पुरती गेलेली नसते, लूचे पोळणारे वारे अजून राजस्थानातच असतात, आणि मधल्या फटीत हे शहर जेवढं म्हणून फुलायचं तेवढं फुलून घेतं. चौकाचौकात सरकारी पिटुनिया, आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात गच्चीगच्चीवर उन्हाला टाकलेल्या रजया, बसस्टॉपमागच्या सावरीची लालभडक फुलं फुटपाथवर धपाधप पडताहेत. कोपर्निकस मार्गावरच्या आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी खिडकी उघडून म्हणतंच, "क्या मौसम है यार!" मी मान हलवते आणि फाइलीत डोकं घालते. मला हा मौसम खायला उठतो.

"आई, बिल्कुल ह्याच दिवसांत तू दर वर्षी इतकी लो का होतेस?" मुलीनं परवा विचारलं. जन्मापासून दिल्लीत वाढलेली पोर, तिचं मराठी असंच, पण नजर पक्की आहे.

"आजी गेली ना ह्या दिवसांत," मी म्हटलं.

तिनं गळ्यात हात टाकले. तिला वाटलं, दुःख आहे. दुःख असतं तर परवडलं असतं. दुःख चार लोकांत घेऊन बसता येतं, कुणी चहा करून देतं, कुणी पाठीवर हात फिरवतं. माझ्यापाशी आहे ती चोरी.

एकदाची सांगून टाकते. सहा वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत मी माझ्या आईला रानातून खुडून आणलेली भलतीच पात रांधून वाढली. त्याच संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि अठरा दिवसांनी ती गेली. आणि माझा थोरला भाऊ, दादा, यंदापर्यंत असं धरून बसला होता की आईला बाधले ते त्यानं गावाहून आणलेले पेढे. दर फाल्गुनात त्याचा फोन यायचा. "मीच मारलं गं तिला," म्हणून हा साठीचा माणूस हुंदके द्यायचा. मी म्हणायचे, "नाही रे दादा, तुझा काय दोष!" एवढंच म्हणायचे. त्याच्या पुढचं वाक्य सहा वर्षं मी बोललेच नाही.

आई अकोल्याकडच्या डोंगरातली. विदर्भातलं अकोला नव्हे, आमचं नगर जिल्ह्यातलं अकोले, सह्याद्रीच्या कुशीतलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण पान वाचता यायचं. बांधावरून चालता चालता ती न वाकता सांगायची, ही कुरडू, हा भारंगीचा कोंब, ह्याच्या वाटेला जाऊ नको. चिमटीत पान चुरडून नाकाला लावायची आणि निकाल द्यायची. तिच्या नाकावर सगळ्या आळीचा भरवसा होता. पाहुणे आले तरी बायका भाजी घेऊन आधी तिच्याकडे यायच्या, "बघा बरं, हीच ना?"

त्या नाकाची आणि जिभेचीच वाट लागली. घशात गाठ निघाली. मी तिला दिल्लीला आणलं, म्हटलं, माझं सरकारी क्वार्टर आहे, मोठी हॉस्पिटलं हाताशी आहेत, मी असताना तिनं का झिजायचं? सात आठवडे तिला रेडिएशनचा शेक दिला, तिच्या भाषेत 'लाईट दिली'. माघ सरता सरता डॉक्टरांनी हसून सांगितलं की गाठ विरघळली. मी तिथंच त्यांच्या पाया पडायची बाकी होते. पण ते पुढे म्हणाले, "अब बस इनको खिलाइए. वज़न बहुत गिर गया है."

खिलाइए म्हणे! घशाचं कातडं सोललेलं, तोंडात थुंकी नाही, वास नाही, चव नाही. मऊ भात केला, नाचणीचं आंबील केलं, मुगाचं कढण केलं, रव्याची खीर, साबुदाण्याची पेज, गाळलेलं वरण. आई एक घास घ्यायची आणि तो तोंडात तसाच ठेवून भिंतीकडे बघत राहायची. "पुठ्ठा लागतो गं बाई," एवढंच म्हणायची. मी चिडायचे. हो, चिडायचे. एकदा तर वाटी आपटली तिच्यासमोर. चाळीस किलोवरून ती पस्तिसावर आली. मग डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची मुदत घातली. तोवर वजन वाढलं नाही तर नाकातून नळी.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची नळी आईनं पाहिली होती. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "त्ये नको. माझ्या जिवाची शपथ आहे तुला. त्ये करू नको." तिच्या बोटांत कुठून एवढी ताकद आली होती, देव जाणे. सहा दिवस उरले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

त्याच रात्री कधीतरी, की सकाळी, आता आठवत नाही, ती म्हणाली, "फोडशी आसती तर गेली आसती घशाखाली."

फोडशी म्हणजे रानातली पात. लसणीच्या पातीची थोरली बहीण म्हणा. बुडाशी पांढरी, वर हिरवी, चपटी, गवतात गवत होऊन उभी राहणारी. आत एक जून दांडा असतो, तो काढून टाकायचा, बारीक चिरायची, भरपूर लसूण ठेचून मुगाच्या डाळीत शिजवायची. आमच्याकडे ती ज्येष्ठाच्या अखेरीला उगवते. फाल्गुनात ती नसतेच, आणि हे आईला माझ्यापेक्षा शंभरदा ठाऊक होतं. ती मागत नव्हती. नुसतं म्हणाली होती. मीच ते मागणं करून घेतलं, कारण इतक्या आठवड्यांत तिनं पहिल्यांदा एखाद्या पदार्थाचं नाव घेतलं होतं.

मग मी सुटलेच. आय.एन.ए. मार्केट पालथं घातलं. मुनिरक्याच्या गल्लीत ईशान्येकडच्या मुली भाज्यांची दुकानं चालवतात, तिथं मणिपूरची चपटी पात मिळाली. हाताला लागली की लसणाचा घमघमाट. आनंदानं घेऊन आले. आईनं लांबूनच पाहिली आणि म्हणाली, "ही लसूण हाय. फोडशी नव्हं." वास येत नव्हता, नुसत्या डोळ्यांनी ओळखली. मला तेव्हा कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी मी संजय वनात गेले. आमच्यापासून फार लांब नाही. दिल्लीच्या पोटात हे असं काटेरी, खडकाळ रान आहे, आणि फाल्गुनात ते ओळखू येत नाही. अडुळशाच्या झाडोऱ्यावर पांढरी फुलं जबडा उघडून बसलेली. करवंदीच्या जाळ्यांना बारीक चांदण्या लागलेल्या आणि त्यांचा गोड वास वाटेवर आडवा आलेला. खाली मातीला चिकटून निळी, कुंकवाच्या टिकलीएवढी रानफुलं. विलायती किकरांच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळींच्या, गर्दीत एखादाच पळस, पानं नाहीत, नुसता पेटलेला. दोन दिवस आधी गारा पडल्या होत्या, माती ओली होती. इतर कुठल्याही वर्षी मी तिथं बसून राहिले असते. त्या दिवशी माझी नजर सारखी जमिनीवर होती. मोर ओरडला तरी मी मान वर केली नाही.

एका पडक्या भिंतीच्या आडोशाला ती दिसली. हिरवीगार, चपटी, दाट. खाली बसून एक पात खुडली. बुडाशी पांढरी. मी ओरडलेच, "आई गं!" तिथून एक म्हातारे गृहस्थ व्यायाम करत चालले होते, ते दचकले. मी दोन्ही हातांनी खुडत सुटले. दहाव्या वर्षी गाव सोडून नाशिकला शाळेत गेलेली मी. रान मला येतं ते तेवढंच, दहा वर्षांच्या पोरीएवढं. पण टेंभा केवढा! पांढरं बूड, चपटी पात, गवतासारखा झुबका, तीन खुणा जुळल्या. चौथी खूण महिन्याची होती, ती मी मोजलीच नाही. ओढणीत भरून घरी आणली.

नळीला दोन दिवस राहिले होते. दादा त्याच सकाळी नाशिकहून गाडीनं आला होता. वहिनीनं घरच्या म्हशीच्या खव्याचे पेढे करून दिले होते, तो डबा त्यानं वीस-बावीस तास मांडीवर आणला होता. मी येईपर्यंत तो आईचे रिपोर्ट घ्यायला हॉस्पिटलात निघून गेला होता. नवरा टूरवर, मुलगी क्लासला. घरात आम्ही दोघीच.

मी खाटेशेजारी पेपर पसरला आणि पात निवडायला बसले. आई उठून बसली. कित्येक आठवड्यांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं एक पात उचलली, चिमटीत चुरडली, सवयीनं नाकाला लावली आणि हसली. "आता नाकाला काय कळतंय, डोंबल!" मग ती पात उलटी केली, बोटानं दाबली. "जरा जाड दिसती गं."

"दिल्लीची माती वेगळी असते, आई."

"दांडा बी न्हाई आत."

"कोवळी आहे म्हणून."

"आसंल," ती म्हणाली. पात तिनं परत पेपरावर ठेवली.

आसंल! आयुष्यभर जिच्या शब्दावर आळी जेवली, तिनं माझ्या शब्दावर मान तुकवली. कारण मी शिकलेली, मी दिल्लीची, मी तिला मोठमोठ्या डॉक्टरांपुढे नेणारी. तिनं दोनदा सांगितलं आणि मी दोनदा तिला गप्प केलं.

वरच्या मजल्यावरच्या नेगी भाभी चमोलीकडच्या. त्यांच्याकडे पहाडातल्या रानलसणीची वाळवलेली पात आणि फुलं असतात, त्याला त्या फरण म्हणतात. चिमूटभर तेलात टाकली की जिन्यापर्यंत घमघमाट. त्यांनी आईसाठी पुडी दिली होती, "माँजी को छौंक लगाके दो, मुँह खुलेगा." मी ती अख्खी पुडी फोडणीत ओतली, वर आपल्या लसणाच्या पंधरा पाकळ्या ठेचून. त्या वासाखाली दुसरा कुठला वास असता तरी मला येणार नव्हता.

आणि मी चाखली नाही. इथेच माझं सगळं आयुष्य अडकून पडलं आहे. आमच्याकडे वर्षाची नवी रानभाजी रांधणारीनं चाखायची नसते. आधी पानभर रानातल्या देवाला, मग घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला, मग बाकीच्यांना. मीठ कमी पडलं तर पडलं. एरवी मी सणाला पुरणपोळीही बाहेरून मागवते, कुठला देव नि कुठलं काय! पण त्या दुपारी मला आईला दाखवायचं होतं की तिची लेक काही विसरलेली नाही. बाल्कनीतल्या तुळशीपाशी पानभर भाजी ठेवली आणि वाटी भरून तिच्या हातात दिली. जिभेच्या टोकाला नुसती लावली असती तरी कडूजहर कळली असती. मला कळली असती. तिला कळणं शक्यच नव्हतं.

तिनं खाल्ली. भाकरीच्या मऊ पापुद्र्याला लावून, पाण्याच्या घोटाबरोबर, थांबत थांबत, पण खाल्ली. "आणीक हाय का?" म्हणाली. मी उरलेली सगळी वाढली. तिनं वाटी बोटानं पुसून घेतली. त्या दुपारी माझ्याइतकं सुखी माणूस दिल्लीत दुसरं नसेल. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. दादाला चकित करायचं म्हणून त्याला काही कळवलं नाही, म्हटलं, उद्या पुन्हा आणीन, त्यालाही वाढीन. तो आला तेव्हा भांडी घासून झाली होती. त्यानं डबा उघडला आणि आईनं त्याचं मन राखायला अर्धा पेढा चघळला.

दिवेलागणीला उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिचे डोळे आत गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाया था?"

मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात दादा म्हणाला, "पेढा. ट्रेन में लाया था मैं."

डॉक्टर त्याच्यावर खेकसले. खव्याची चीज, इतका प्रवास, ह्या पेशंटला! दादा भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. आम्ही सगळ्यांनी ते पेढे खाल्ले होते, कुणाला काहीच झालं नव्हतं. पण अपराध अंगावर घ्यायला माणसाला पुरावा कुठे लागतो! मी त्याच्याकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

चौथ्या दिवशी मी त्याच रानात परत गेले, एक पात रुमालात घेऊन आले आणि आमच्या सेक्टरच्या पार्कातल्या माळीबाबांना दाखवली. त्यांनी बघितली न बघितली. "ये तो लिली है मैडम. बारिश में गुलाबी फूल आता है. इसको तो बकरी भी मुँह नहीं लगाती." म्हणजे चौथ्या दिवशी मला पक्कं कळलं होतं. पुढचे चौदा दिवस मी रोज डॉक्टरांसमोर उभी राहत होते. उलटी फुप्फुसात गेली होती, त्यातून न्यूमोनिया झाला होता. मी स्वतःला समजावत होते की आता सांगून काय उपयोग, उपचार तेच होणार, सलाईन तेच लागणार. खरंच तेच झाले असते का? विचारायची हिंमत तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

दहाव्या दिवशी आई जरा शुद्धीवर होती. नाकात नळी होतीच, जिच्यासाठी एवढं केलं ती नळी. ओठ हलताना दिसले म्हणून मी कान लावला. "फोडशी ऱ्हायली का गं थोडी?" ती विचारत होती.

मी म्हटलं, "हो आई. ठेवलीय तुझ्यासाठी."

तिला शेवटपर्यंत वाटलं की लेकीनं तिला फाल्गुनात फोडशी आणून दिली. लोक म्हणतील, बरंच झालं की, समाधानानं गेली. मला ते बरं वाटत नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसला, म्हणूनच ती गेली.

यंदा वहिनीचा फोन आधी आला. त्यांच्या धाकट्या लेकीला तलाठ्याची नोकरी लागली, गावानं पेढे मागितले आणि दादा घर सोडून शेतात जाऊन बसला. "म्हैस तर त्यांनी तवाच विकली," वहिनी म्हणाल्या. "चहात दूध घेत न्हाईत सहा वर्षं. वन्सं, तुम्ही समजवा ना त्यांला. तुमचंच ऐकतील." माझंच ऐकतील! मी बाल्कनीत उभी होते, खाली होळीची पोरं फुगे भरत होती.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. तेच सुरू झालं, "मीच गं..." मी म्हटलं, "दादा, गप्प बस. मला बोलू दे." आणि सांगितलं. रान, पात, तिचं 'आसंल', चाखली नाही ते, माळीबाबा, चौदा दिवस, सगळं. मध्ये श्वासही घेतला नाही. थांबले तर पुन्हा सहा वर्षं थांबेन, अशी भीती होती.



मग तो म्हणाला, "पोटभर खाल्ली का गं तिनं?"

"हो."

"मागून घेतली?"

"हो रे. वाटी पुसून खाल्ली."

तो रडला. ह्या वेळचं रडणं वेगळं होतं, मोकळं. मलाही रडू फुटलं. क्षणभर मला वाटलं, सुटलो आम्ही दोघं. मग त्यानं नाक पुसल्याचं ऐकू आलं आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्यासमोर बसून होतीस तू, हॉस्पिटलात. मी भिंतीवर डोकं आपटत होतो. तू माझा हात धरलास. आणि बोलली नाहीस."

"दादा..."

"सहा वर्षं तू मला रडू दिलंस."

त्यानं फोन ठेवला. ह्याला आज अकरा दिवस झाले. वहिनी म्हणतात, काल त्यांनी चहात दूध मागितलं. मी रोज संध्याकाळी त्याला फोन लावते. रिंग शेवटपर्यंत वाजते.